चाकांवरचें घर आणि जळका वास

दुधाचें पातेलें चुलीवर ठेवून गृहिणी क्षणभर माजघरांत गेली आणि तेवढ्यांत दूध खालीं लागलें, तर तिला तें कसें समजतें? पातेल्याचा तळ दिसत नाहीं, धूर उठलेला नसतो, आवाजहि झालेला नसतो. तिला सांगतें तें नाक. तो करपट वास येतांच ती काय करते, हें पाहण्यासारखें आहे. दूध कां लागलें याचा विचार ती चुलीपाशीं उभी राहून करीत नाहीं. आधीं पातेलें उतरविते, मग डाव घालून तळ पाहते. आधीं उतरविणें आणि मग पाहणें, हा क्रम घरोघरच्या स्वयंपाकघरांत पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे.

विजेच्या यंत्रापाशीं मात्र पुष्कळ शहाणीं माणसें हाच क्रम उलटा करितात. यंत्रांतून जळका वास आला, तरी तें चालूंच ठेवून वास कोठून येतो तें शोधीत बसतात. किंवा बंद करून, घटकाभरानें "पुन्हां एकदां लावून पाहूं" असें म्हणतात. हा क्रम उलटा केल्यानें कोणतें संकट ओढवतें आणि तो सुलट ठेवल्यास दोष कसा सांपडतो, हें अमेरिकेंतील एका यंत्राच्या उदाहरणानें चांगलें समजतें. तें यंत्र म्हणजे चाकांवरच्या घराच्या छपरावर बसविलेला एअर कंडिशनर.

अमेरिकेंत ज्याला 'आर. व्ही.' म्हणतात, तें वाहन म्हणजे एक लहानसें घरच होय. निजावयाचे पलंग, स्वयंपाकाचा ओटा, फ्रिज, न्हाणी, शौचकूप, सर्व कांहीं त्यांत असतें. कांहीं घरांना स्वतःचें इंजिन असतें. कांहीं दुसऱ्या मोटारीमागें जोडून ओढून न्यावयाचीं असतात. १९१० सालीं न्यूयॉर्क येथील मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्यें भरलेल्या प्रदर्शनांत पिअर्स-ॲरो कंपनीनें 'टूरिंग लँडो' नांवाची, निजण्याबसण्याची सोय असलेली मोटार मांडली. तेथपासून या वाहनांचा इतिहास सांगण्याचा प्रघात आहे. आज या धंद्याचें मुख्य ठाणें इंडियाना राज्यांतील एल्कहार्ट हें होय. उन्हाळ्याच्या सुटींत असंख्य कुटुंबें अशीं घरें घेऊन यलोस्टोन, ग्रँड कॅन्यन यांसारख्या ठिकाणीं जातात. अमेरिकेंत स्थायिक झालेलीं मराठी कुटुंबेंहि तीं भाड्यानें घेतात, आणि कधीं कधीं पुण्यामुंबईहून मुलाकडे गेलेले आजीआजोबाहि त्या प्रवासांत बरोबर असतात.

या घराच्या भिंती पातळ असतात आणि सबंध दिवस तें उन्हांत उभें असतें. म्हणून छपराला सुमारें १४ इंच लांब व तितकेंच रुंद असें भोंक ठेवून त्यावर एअर कंडिशनर बसवितात. त्याची शक्ति बहुधा ताशीं १३,५०० किंवा १५,००० ब्रिटिश उष्णता-एकक इतकी असते. आपल्याकडे हीच शक्ति टनांत सांगतात. १२,००० एककें म्हणजे एक टन. तेव्हां १५,००० म्हणजे बरोबर सव्वा टन. पुण्यांतल्या एखाद्या खोलीला पुरेल एवढें यंत्र तेथें निजलेल्या माणसांच्या डोक्यावर, केवळ हातभर अंतरावर चालत असतें, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

या यंत्राच्या पोटांत काय असतें? एक कॉम्प्रेसर असतो. तो विशिष्ट वायूला दाबून तापवितो. तो तापलेला वायु एका नळ्यांच्या जाळींतून जातांना आपली उष्णता बाहेरच्या हवेला देऊन द्रव होतो. तोच द्रव पुढें दुसऱ्या जाळींत मोकळा होऊन थंड होतो आणि घरांतली उष्णता शोषून घेतो. दोन्ही जाळ्यांवर हवा खेळविण्यास दोन पंखे लागतात. छपरावर जागा थोडी, म्हणून बहुतेक यंत्रांत एकच मोटर असून तिच्या लांब कण्याच्या एका टोकास बाहेरचा व दुसऱ्या टोकास आंतला पंखा बसविलेला असतो. याशिवाय कॉम्प्रेसरला व मोटरला जोर देण्यासाठीं डब्यासारखे कपॅसिटर असतात. कांहीं यंत्रांत थंडीच्या दिवसांकरितां सुमारें दीड हजार वॅटची तारेची शेगडीहि बसविलेली असते.

आतां वीज या यंत्रापर्यंत कशी पोंचते तें पाहूं. मुक्कामाच्या तळावर प्रत्येक घराच्या जागेपाशीं विजेचा एक खांब असतो. त्यावर ३० किंवा ५० ॲम्पिअरची जोडणी असते. तेथील विजेचा दाब १२० व्होल्टचा, म्हणजे आपल्या घरच्या २३० व्होल्टच्या सुमारें निम्मा. दाब निम्मा असला, कीं तेवढेंच काम करण्यास प्रवाह दुप्पट लागतो. म्हणून छपरावरचें यंत्र चालूं असतांना १२ ते १६ ॲम्पिअर ओढतें आणि कॉम्प्रेसर सुरू होण्याच्या क्षणीं त्याच्या कित्येक पट ओढतें. हा प्रवाह खांबावरच्या प्लगांतून जाड केबलींत, केबलींतून घरांतल्या पेटींत, पेटींतील २० ॲम्पिअरच्या ब्रेकरमधून भिंतींतल्या तारेंत, आणि शेवटीं छपरावरच्या लहान डबींत जातो. तेथें तारांचीं टोकें एकमेकांत पिळून त्यांवर टोपणें बसविलेलीं असतात. या वाटेवर लहानमोठे डझनभर तरी सांधे लागतात.

साधें घर एका जागीं उभें असतें. त्याचे सांधे एकदां आवळले कीं वर्षानुवर्षें तसेच राहतात. चाकांवरचें घर शेंकडों मैल हादरे खात जातें. त्याचें छप्पर दिवसां तापतें आणि रात्रीं निवतें, आणि त्याबरोबर धातुहि प्रसरण व आकुंचन पावतो. तळावरच्या खांबाची खोबणी तर दररोज नवा प्लग घेते आणि सोडते. मग मळसूत्रें सैल पडावीं, खोबणींतल्या पितळी पट्ट्यांची पकड ढिली व्हावी, यांत नवल तें काय? या घरांतल्या जळक्या वासाच्या प्रकरणांत सैल सांधा हा वारंवार आढळणारा अपराधी आहे.

एक प्रसंग डोळ्यांपुढें आणावा. जुलै महिना आहे. फीनिक्सच्या बाजूस त्या दिवसांत पारा ४० अंश सेंटिग्रेडच्या वर जाणें ही नित्याची गोष्ट. एक मराठी कुटुंब दुपारीं चार वाजतां तळावर उतरतें. मुलगा खांबाला केबल जोडून यंत्र लावतो. सूनबाई मायक्रोवेव्हमध्यें दूध तापवितात, पाणी तापविणारी विजेची शेगडीहि चालूं असते. नातवंडें थंड वाऱ्याखालीं आडवीं होतात. तासाभरानें आजी मान वर करून म्हणते, "अरे, कांहीं तरी जळतंय." मुलगा उठतो, पेटी उघडतो, सगळे खटके जागच्या जागीं आहेत असें पाहतो आणि म्हणतो, "आई, ब्रेकर पडलेला नाहीं. कांहीं बिघडलें असतें, तर तो पडलाच असता."

मुलगा शिकलेला आहे आणि त्याचें बोलणें वरवर पाहतां तर्काला धरून आहे. तरी तें चूक आहे. आणि ही चूक घर जळण्याइतकी महाग पडूं शकते.

ब्रेकर काय पाहतो? तारेंतून किती प्रवाह जात आहे, एवढेंच तो पाहतो. मर्यादेपेक्षां अधिक प्रवाह जाऊं लागला, तर तारा तापूं नयेत म्हणून तो वाट तोडतो. परंतु सैल सांध्यांतून जाणारा प्रवाह अधिक नसतो. तो नेहमीचाच, १५ ॲम्पिअरच असतो. अधिक असते ती त्या एका बिंदूवरची उष्णता. जेम्स जूल या इंग्रज शास्त्रज्ञानें १८४० च्या सुमारास दाखविलेला नियम शाळेंत शिकवितात तो हाच: विजेनें उत्पन्न होणारी उष्णता ही प्रवाहाच्या वर्गाला रोधानें गुणिलें असतां येते. चांगल्या आवळलेल्या सांध्याचा रोध जवळ जवळ शून्य असतो. तो सैल पडून रोध एका ओमचा दहावा भाग झाला, असें धरूं. १५ चा वर्ग २२५. त्याचा दहावा भाग साडेबावीस. म्हणजे त्या एका मळसूत्रापाशीं साडेबावीस वॅट उष्णता सारखी निघूं लागली. रेडिओ दुरुस्त करणाराचें कथील वितळविणारें सोल्डरिंग आयर्न सुमारें २५ वॅटचें असतें. तेव्हां प्लगाच्या पोटांत कोणी जळतें सोल्डरिंग आयर्न खुपसून ठेवावें, तसाच हा प्रकार झाला. ब्रेकरला याचा पत्ताहि लागत नाहीं.

शिवाय हा दोष स्वतःच स्वतःला वाढवितो. तापलेल्या तांब्यापितळेवर काळा गंज चढतो. गंजानें रोध वाढतो. रोधानें उष्णता वाढते. उष्णतेनें पट्टीची उरलीसुरली पकडहि जाते. त्यांत दुधासाठीं मायक्रोवेव्ह व पाण्यासाठीं शेगडी लावली, म्हणजे मुख्य केबलींतला प्रवाह १५ वरून ३० वर जातो आणि वर्गाच्या नियमानें त्या सांध्यावरची उष्णता दुप्पट न होतां चौपट होते. साडेबाविसांचे नव्वद वॅट होतात. मग प्लगाचें आवरण मऊ पडतें, त्याचा वास सुटतो, आणि तो आजीच्या नाकाशीं पोंचतो. ब्रेकरला जें कळत नाहीं तें नाकाला कळलें आहे. म्हणून या बाबतींत साक्ष मानावयाची ती नाकाची.

वास कोणता आहे, हेंहि पाहिलें पाहिजे, कारण सर्व वासांचा अर्थ एक नसतो. त्यांतील एक वास तर अगदीं निराळा काढला पाहिजे. सडलेल्या अंड्यासारखी दुर्गंधी आली, तर ती चुलीच्या गॅसची होय. गळती कळावी म्हणून तो वास गॅसमध्यें मुद्दाम मिसळलेला असतो. त्या वेळीं विजेच्या कोणत्याहि खटक्याला, चालूं करण्यास किंवा बंद करण्यास, हात लावूं नये. ठिणगीचें भय असतें. सर्वांनीं बाहेर पडावें आणि जवळ जाणें सुरक्षित असेल तर सिलिंडरची चावी बाहेरून बंद करावी.

जळक्या वासांत मुख्य प्रकार चार. थंडीच्या सुरुवातीस शेगडी प्रथम लावतांच तारेवर बसलेली धूळ जळते. तिचा कोरडा वास कांहीं मिनिटांत ओसरतो. तो ओसरला नाहीं, तर मात्र तो धुळीचा नव्हे असें समजावें. दुसरा वास मासळीसारखा, उग्र. विजेच्या प्लगांचें, खटक्यांचें किंवा तारांचें आवरण तापलें म्हणजे असा वास पुष्कळदां येतो. ज्या घरांत मासळी शिजलेली नाहीं तेथें हा वास आला, तर सांधा तापला आहे अशी शंका घ्यावी. तिसरा वास रोगणाचा, घशाला झोंबणारा. तो मोटरच्या गुंडाळ्यांवरील रोगण जळल्याचा असतो. चौथा रबर किंवा फोम घासल्याचा. आंतलें अस्तर सुटून पंख्याला लागल्यानें तो येतो. या शिवाय, हिवाळाभर बंद राहिलेल्या घराच्या छपरावरच्या यंत्रांत उंदरांनीं घरटें केलें असेल, तर त्यांतील काडीकचरा तापूनहि करपट वास सुटतो. मोटारींतल्याप्रमाणें येथें पट्टा नसतो. म्हणून "पट्टा घासत असेल" अशी समजूत करून घेण्यास मुळींच जागा नाहीं.

वासाचा प्रकार ओळखतां आला नाहीं, तरी पहिलें कर्तव्य बदलत नाहीं. तें म्हणजे पातेलें उतरविणें. भिंतीवरील नियंत्रकावरून यंत्र बंद करावें. नंतर पेटींतील त्याचा ब्रेकर पाडावा. मग बाहेर जाऊन खांबावरचा मुख्य खटका पाडावा, आणि त्यानंतरच प्लग उपसावा. प्रवाह चालूं असतां प्लग ओढल्यास ठिणगी उडून खोबणी अधिकच जळते. खांबापाशींच वास येत असेल किंवा प्लग हाताला चटका देत असेल, तर त्याला न शिवतां तळाच्या व्यवस्थापकास बोलवावें. ह्या काळांत मुलें व म्हातारीं माणसें बाहेर बसलेलीं असावीं. छतांतून धूर दिसला किंवा छताचा भाग तापलेला लागला, तर शोध तेथेंच थांबवून सर्वांनीं दूर जावें आणि ९११ या क्रमांकावर अग्निशामक दलास बोलवावें. दाराची वाट अडली असल्यास लाल मुठीची खिडकी सुटकेसाठींच केलेली असते. ती कोठें आहे व कशी उघडते, हें पहिल्याच मुक्कामीं सर्वांना दाखवून ठेवावें. वीज चालूं असलेल्या आगीवर पाणी ओतूं नये. अशा घरांत पातळ लांकूड, फोम व कापड हींच अधिक असल्यामुळें आग फार झपाट्यानें पसरते. सामान काढण्यासाठीं कोणी परत आंत जाऊं नये.

धोका नाहीं असें दिसल्यावर शोधाला लागावें. तोहि जमिनीकडून छपराकडे करीत जावा, कारण खालचे दोष पाहण्यास सोपे असतात आणि तेच अधिक आढळतात. प्रथम प्लग. त्याचीं पातीं पिवळीं, स्वच्छ आहेत, कीं एखादें तपकिरी किंवा काळें पडलें आहे? भोंवतालचें आवरण फुगलें किंवा वितळलें आहे काय? ५० च्या खांबाला ३० चा प्लग लावण्यासाठीं मध्यें जोड वापरला असल्यास त्याचींहि दोन्ही तोंडें पाहावीं. केबल घराला जेथें जोडतात, तें टोकहि पाहावें. जळलेला प्लग कानसीनें घासून पुन्हां वापरूं नये. त्याची पकड गेलेली असते. आणि नवा प्लग जळक्या खोबणींत घालूं नये. ती खोबणी नव्यालाहि जाळील. खांबाची खोबणी जळली असेल, तर व्यवस्थापकाला दाखवून दुसरी जागा मागावी. तो आपला हक्क आहे, आणि मागून येणाऱ्या दुसऱ्या कुटुंबाविषयींचें कर्तव्यहि आहे.

खालीं कांहीं न सांपडल्यास घरांतली पेटी, आणि शेवटीं छप्पर. येथें जाणत्या कारागिराला बोलावणें हेंच शहाणपण. पेटींतील मळसूत्र सैल पडून तारेचें आवरण काळवंडलेलें सांपडतें. छपरावरच्या डबींतलें टोपण वितळलेलें सांपडतें. यंत्राला चालूं-बंद करणाऱ्या रिलेचीं टोकें जळालेलीं सांपडतात. कपॅसिटरचा माथा फुगलेला किंवा त्यांतून तेल पाझरलेलें दिसतें. पंख्याच्या मोटरचें बेअरिंग कोरडें पडून पंखा हातानें फिरविला असतां जड लागतो. एकच मोटर दोन्ही पंखे फिरवीत असल्यामुळें ती मंदावली कीं बाहेरच्या जाळीची उष्णता हटत नाहीं. मग कॉम्प्रेसरला अधिक कष्ट पडून तोहि अधिक प्रवाह ओढूं लागतो. एका बेअरिंगच्या दुखण्यानें सारें यंत्र आजारी पडतें, तें असें.

दोष यंत्राचा नसून विजेचा असणेंहि शक्य आहे. दुपारीं चार वाजतां तळावरच्या प्रत्येक घरांतलें यंत्र चालूं असतें. तारा जुन्या असल्या, तर १२० व्होल्टचा दाब उतरत जातो. साध्या दिव्याला कमी दाब मिळाला, तर तो मंद जळतो, एवढेंच. परंतु कॉम्प्रेसरची गोष्ट वेगळी. काम तेवढेंच करावयाचें असल्यामुळें दाब घटला कीं तो प्रवाह वाढवून घेतो आणि तापतो. सुरू होतांना तर त्याची अधिकच ओढाताण होते, कारण सुरुवातीचा जोर हा दाबाच्या वर्गाप्रमाणें बदलतो. दाब १२० वरून १०० वर, म्हणजे एक षष्ठांशानें उतरला, तर तो जोर जवळ जवळ एक तृतीयांशानें घटतो. मग कॉम्प्रेसर नुसता गुरगुरतो, फिरत नाहीं, आणि त्या वेळीं नेहमीच्या कित्येक पट प्रवाह त्याच्या गुंडाळ्यांतून वाहतो. उष्णतेनें आपोआप तुटणारा एक रक्षक खटका त्याच्या अंगीं असतो. परंतु दर थोड्या वेळानें तो तुटावा आणि पुन्हां जुळावा, असें दिवसभर चाललें तर गुंडाळ्यांचें रोगण किती काळ टिकणार? म्हणून दाब १०८ व्होल्टच्या, म्हणजे दहा टक्के घटीच्या, खालीं गेला असतां यंत्र बंद ठेवणें बरें. भिंतींतल्या खोबणींत लावावयाचा लहानसा व्होल्टमापक थोड्या पैशांत मिळतो. दाब १०२ ते १०४ व्होल्टच्या खालीं जातांच वीज आपोआप तोडणारीं उपकरणेंहि मिळतात. त्यांची किंमत जळलेल्या कॉम्प्रेसरच्या किंमतीपुढें कांहींच नाहीं. घरगुती कामाची बारीक, लांबलचक जोडतार मात्र या यंत्राला कधींहि लावूं नये. ती स्वतः तापते आणि दाबहि खाते.

घरधन्यानें काय करावें आणि कोठें थांबावें, याची मर्यादाहि स्पष्ट असावी. आंतली जाळी, म्हणजे फिल्टर, धुणें, प्लग पाहणें, दाब मोजणें, छपरावरचा पालापाचोळा दूरून न्याहाळणें, इतकें कोणासहि जमण्यासारखें आहे. कपॅसिटरला मात्र अजाण माणसानें हात लावूं नये. प्लग काढल्यानंतरहि त्यांत वीज सांठून राहते व ती जबर धक्का देते. थंडाव्याच्या वायूचें काम तर अमेरिकेच्या कायद्याप्रमाणें प्रमाणपत्र असलेल्या कारागिरानेंच करावयाचें असतें. आणि उन्हानें तापलेल्या, गुळगुळीत छपरावरून घसरून पडणें, हा अपघात विजेच्या धक्क्यापेक्षां लहान नव्हे.

दोष होऊं नये म्हणून वर्षांतून एकदां, प्रवासाचा हंगाम सुरू होण्यापूर्वीं, वीज तोडून सर्व मळसूत्रें कारागिराकडून आवळून घ्यावीं. त्याच वेळीं घरटीं काढावीं, जाळ्या स्वच्छ कराव्या आणि धुराची सूचना देणारी घंटा वाजवून पाहावी. जनित्रावर यंत्र चालविणारांनीं आणखी एक गोष्ट स्मरणांत ठेवावी. इंजिनच्या धुरांतील कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वासच नसतो; तेथें नाकाचा कांहीं इलाज चालत नाहीं. म्हणून त्याची वेगळी घंटा घरांत असलीच पाहिजे. तळावर उतरल्यावर यंत्र लावून अर्धा तास झाला, म्हणजे प्लगापाशीं जाऊन हाताची मागची बाजू त्याच्या जवळ धरून पाहावी. कोमट लागल्यास चालेल. चटका बसण्याजोगा असल्यास चालणार नाहीं. एवढी लहानशी संवय पुष्कळ मोठें संकट टाळते.

आतां त्या कुटुंबाकडे पुन्हां वळूं. मुलाचा हात खटक्याकडे गेला आहे. बाहेर ऊन रखरखीत आहे. मुलें घामाघूम होणार, रात्रीं झोंप लागणार नाहीं, हें त्याला दिसत आहे. "आणखी एक तास चालूं द्यावें, रात्रीं पाहूं," हा मोह त्या वेळीं किती स्वाभाविक असतो! परंतु रात्रीं सर्व निजलेले असतात, आणि निजलेल्या माणसाला वास जागें करील याचा भरंवसा नसतो. त्यानें आजीचें ऐकलें आणि यंत्र बंद केलें, तर काय होईल? खांबापाशीं गेल्यावर प्लगाचें एक पातें काळें पडलेलें व आवरण मऊ झालेलें त्याला दिसेल. नवा प्लग आणीपर्यंत, व्यवस्थापक दुसरी जागा देईपर्यंत, कुटुंबाला तळाच्या कचेरींत किंवा झाडाच्या सावलींत तीन-चार तास उकाड्यांत काढावे लागतील. एका काळ्या पडलेल्या प्लगावर प्रकरण मिटेल.

तो उकाडा ही त्या दिवशींची सगळी हानि होय. लागलेलें दूध टाकून देतांना गृहिणीला वाईट वाटतें, पण पातेलें आणि घर शाबूत राहिलें याचें समाधानहि वाटतें. पातेलें आधीं उतरविलें, म्हणूनच तें शक्य झालें.